कंडोमशिवाय संबंध आला आणि आता एचआयव्हीची भीती वाटतेय : पहिल्या तासापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत काय करायचं

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि त्यावर संबंध कधी आला ती तारीख आणि वेळ लिहा. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा. पुढचं प्रत्येक पाऊल याच नोंदीवरून ठरणार आहे: औषध सुरू करता येईल का, टेस्ट कधी करायची, कुठला रिपोर्ट शेवटचा मानायचा.

मी एचआयव्ही तपासणीसाठी येणाऱ्यांशी बोलण्याचं, म्हणजे समुपदेशनाचं काम करते. समोर बसलेल्या माणसाला त्या रात्रीचं सगळं आठवत असतं. कोण काय म्हणालं, दिवा चालू होता की बंद, हेसुद्धा. वेळ विचारली की मात्र "झाले असतील तीन-चार दिवस" असं उत्तर येतं. आणि नेमका इथेच फरक पडतो. तीन दिवस झाले असतील तर एक दार उघडं असतं, चार झाले असतील तर ते बंद झालेलं असतं.

७२ तास झाले नसतील तर

बाकीचा लेख नंतर वाचा. हा भाग वाचा आणि निघा.

पेप नावाचा एक औषधोपचार आहे. विषाणूशी संपर्क आला असण्याची शक्यता असेल तेव्हा संसर्ग रुजू नये म्हणून २८ दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितक्या चांगल्या. दुसऱ्या तासाला सुरू केलेलं पेप आणि सत्तराव्या तासाला सुरू केलेलं पेप यांत फरक असतो. त्यामुळे "उद्या सकाळी बघू" असं करू नका. रात्र असली, सुट्टीचा दिवस असला तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

७२ तासच का, हे समजलं की धावपळीमागचं कारण पटतं. विषाणू आत शिरला की लगेच सगळ्या शरीरात पसरत नाही. आधी तो शिरलेल्या जागेच्या नाजूक त्वचेतल्या काही पेशींना गाठतो, मग जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचतो आणि तिथून रक्तात येतो. या प्रवासाला काही दिवस लागतात. पेपमधली औषधं विषाणूला स्वतःची प्रत काढू देत नाहीत आणि आपल्या पेशीच्या जनुकांत मिसळू देत नाहीत. एकदा तो मिसळला की मग त्याला कायमचा बाहेर काढणारं औषध आज आपल्या हातात नाही. म्हणून ही शर्यत सुरुवातीच्या दिवसांचीच असते.

तिथे गेल्यावर शब्द सुचत नाहीत, घशाला कोरड पडते. म्हणून वाक्य आधीच तयार ठेवा: "काल रात्री अकराच्या सुमारास माझा कंडोमशिवाय संबंध आला. मला एचआयव्हीसाठी पेप लागेल का, ते बघायचंय." एवढं पुरे. कोणाबरोबर, का, कसं, याची कहाणी सांगायची गरज नाही. संबंध कुठल्या प्रकारचा होता आणि जोडीदाराबद्दल काही माहीत आहे का, एवढंच डॉक्टर विचारतील. त्याचं खरं उत्तर द्या. तिथल्या माणसाला पेपबद्दल नीट माहिती नाही असं वाटलं तर हात हलवत परत येऊ नका. एचआयव्हीवर उपचार करणारा विभाग किंवा डॉक्टर कुठे आहेत ते विचारा आणि तिथे जा.

पेप सुरू करताना एचआयव्हीची एक टेस्ट होते, शिवाय हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाची तपासणी केली जाते. रिपोर्ट यायचेत म्हणून पहिला डोस थांबवून ठेवायचा नसतो. सध्या बहुतेक ठिकाणी टेनोफोव्हिर, त्याच्या जोडीला लॅमिव्ह्युडिन किंवा एमट्रिसिटाबिन, आणि तिसरं डोल्युटेग्रॅव्हिर असं मिश्रण देतात. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असं होऊ शकतं. पुष्कळजण याच टप्प्यावर गोळ्या सोडतात, कारण तोवर पहिली भीतीही ओसरलेली असते. सोडू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो. एखादा डोस विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण दोन डोस एकदम घेऊ नका. ॲसिडिटीच्या, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. त्यांच्यामुळे डोल्युटेग्रॅव्हिर अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींमध्ये अंतर ठेवावं लागतं. हिपॅटायटिस बी असेल तर पेपची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बंद करणं यकृताला महागात पडू शकतं. कुणाच्या उरलेल्या गोळ्या आणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पेप म्हणजे शंभर टक्के हमी नाही. पण वेळेत सुरू करून पूर्ण २८ दिवस घेतलं तर ते संसर्गाचा धोका खूप कमी करतं, आणि या टप्प्यावर त्याहून चांगलं दुसरं काही आपल्याकडे नाही.

स्वच्छतेबद्दल एक सांगते. भीतीपोटी लोक साबणाने, जंतुनाशकाने आतून धुऊन काढतात. तसं केल्याने आतलं अस्तर खरचटतं आणि धोका वाढू शकतो. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, बास.

गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळी याच फेरीत मागून घ्या. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांत घ्यायची असते, आणि तीही जितकी लवकर तितकी परिणामकारक. एचआयव्हीच्या भीतीत हे साफ विसरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि जे झालं ते तुमच्या संमतीशिवाय झालं असेल, तर पेप, गर्भनिरोधक गोळी आणि जखमांवर उपचार हे सगळं तुम्हाला मिळायला हवं. तक्रार करायची की नाही हे ठरायच्या आधीही उपचार मागता येतात. त्यात तुमची काही चूक नाही. हे वाक्य मी समोर बसलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला म्हणते, आणि तुम्हालाही म्हणते.

धोका खरंच किती होता?

७२ तास उलटून गेले असतील तर इथून पुढे वाचा. धावण्याची वेळ संपली, आता नीट विचार करायची वेळ आहे.

एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्याआधी येणारा स्राव, योनीतला आणि गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतूनच पसरतो. लाळ, घाम, अश्रू यांतून पसरत नाही. चुंबन, मिठी, मालिश, एकमेकांना हाताने स्पर्श, एकाच बाथरूमचा वापर, डास चावणं यांपैकी कशानेही तो होत नाही. शरीराबाहेर पडून वाळला की त्याची लागण करायची ताकद झपाट्याने जाते.

संबंधाच्या प्रकारांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने दिलेले अंदाज असे आहेत: जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो उपचार घेत नाही आणि कंडोम नाही, अशा स्थितीतल्या १० हजार संबंधांत लागण होण्याचं प्रमाण गुदमार्गात घेणाऱ्यासाठी सुमारे १३८, गुदमार्गात करणाऱ्यासाठी ११, योनीमार्गे संबंधात बाईसाठी ८ आणि पुरुषासाठी ४. मुखमैथुनातला धोका फारच कमी आहे. तोंडात जखम असेल, रक्त येत असेल तर तो थोडा वाढतो.

हे आकडे सरासरीचे आहेत, हे लक्षात असू द्या. दोघांपैकी कुणाला गुप्तांगावर फोड, जखम किंवा दुसरा लैंगिक आजार असेल तर धोका वाढतो. जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल तर त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो, तेव्हाही वाढतो. "मी बाहेर काढलं होतं" याने गर्भधारणेबद्दल जितका भरवसा नसतो तितकाच याबद्दलही नाही. कंडोम मध्येच फाटला तर तो संबंध कंडोमशिवायचाच धरायचा. आणि कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट होता, फाटला नाही, निसटला नाही, तर त्या संबंधावरून एचआयव्हीची काळजी करण्यासारखं काही उरत नाही.

जोडीदाराला एचआयव्ही आहे हे माहीत असेल तर एकदम हातपाय गाळू नका. तो नियमित औषधं घेतो का आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, किती आहे, ते विचारा. औषधांनी ज्याचा विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली आलाय, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पार्टनर नावाच्या मोठ्या युरोपीय अभ्यासात अशी जोडपी वर्षानुवर्षं पाहिली गेली. २०१६ आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कंडोमशिवाय झालेल्या हजारो संबंधांनंतर उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण होती शून्य.

आता या सगळ्या आकड्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. माझ्या समोर सर्वाधिक घाबरून कोण येतं? ज्यांचा धोका सर्वांत जास्त होता ते येतातच असं नाही. ज्यांना त्या रात्रीबद्दल सर्वांत जास्त अपराधी वाटतंय ते येतात. लग्नाबाहेर एकदाच काहीतरी घडलेलं असतं, तेही कधी नुसतं चुंबन किंवा हाताने केलेलं, आणि माणूस महिनाभर जेवलेला नसतो. कुठेतरी मनात बसलेलं असतं की चूक झाली म्हणजे शिक्षा होणारच, आणि शिक्षेचं नाव एचआयव्ही. विषाणूला यातलं काही कळत नाही. तो पाप मोजत नाही, स्राव आणि अस्तर एवढाच त्याचा हिशेब असतो. म्हणून कागदावर दोन वेगळे रकाने करा. एकात प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा: कुठला संबंध, कंडोम होता का, रक्त आलं का. दुसऱ्यात मनात काय येतंय ते लिहा. टेस्टचा निर्णय पहिल्या रकान्यावरून घ्यायचा. दुसरा रकानाही खरा आहे, पण त्याचं औषध वेगळं आहे.

टेस्ट कधी करायची

दुसऱ्याच दिवशी टेस्ट करून निगेटिव्ह रिपोर्ट आणणारे खूप असतात. तो रिपोर्ट खोटा नसतो, पण तो जुनी गोष्ट सांगतो. त्या रात्रीच्या काही आठवडे आधीपर्यंत तुम्हाला लागण नव्हती, एवढंच त्यातून कळतं. (ही माहितीही उपयोगाची आहे, म्हणून ही पहिली टेस्ट वाया जात नाही.) लागण झाली तरी पहिले साधारण दहा दिवस कुठल्याच टेस्टला ती सापडत नाही. लागण झाल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या या काळाला विंडो पीरियड म्हणतात, आणि तो टेस्टच्या प्रकारावर अवलंबून असतो.

पहिला प्रकार विषाणूची जनुकीय सामग्रीच शोधतो. त्याला एनएटी किंवा आरएनए टेस्ट म्हणतात. ती १० ते ३३ दिवसांत लागण दाखवू शकते, पण महाग असते आणि सरसकट सगळ्यांना लागत नाही. दुसरा प्रकार फोर्थ जनरेशन. यात विषाणूचं पी-२४ नावाचं प्रथिन (अँटिजेन) आणि आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी, दोन्ही शोधतात. दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर ती १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. तिसरा प्रकार फक्त अँटिबॉडी बघतो. बहुतेक रॅपिड टेस्ट आणि घरी करायचे किट यात येतात. त्यांना २३ ते ९० दिवस लागतात. बोटाला टोचून केलेली फोर्थ जनरेशन रॅपिड टेस्ट असेल तरी ९० दिवसच धरा.

म्हणून लॅबमध्ये एक प्रश्न नक्की विचारा: "ही टेस्ट फक्त अँटिबॉडी बघते की पी-२४ अँटिजेनही?" आणि रक्त शिरेतून घेणार की बोटातून, तेही बघा. या दोन उत्तरांवर तुमची शेवटची तारीख ठरते.

माझा सल्ला विचाराल तर कागदावर तीनच तारखा लिहा. आज किंवा उद्या, आधीची स्थिती कळावी म्हणून. मग ४५ दिवस पूर्ण झाल्यावर लॅबमधली फोर्थ जनरेशन. ती निगेटिव्ह आली तर त्या संबंधापुरता प्रश्न मिटला असं मानलं जातं. फोर्थ जनरेशन मिळत नसेल, किंवा रॅपिड टेस्टच करायची असेल, तर ९० दिवसांची तारीख शेवटची. चार आठवड्यांनी केलेली फोर्थ जनरेशन बहुतेक लागणी पकडते, त्यामुळे धीर सुटत असेल तर मध्ये एक करायला हरकत नाही. पण दर चार दिवसांनी नवी लॅब गाठू नका. प्रत्येक रिपोर्टने मिळणारा दिलासा आधीच्यापेक्षा कमी टिकतो.

पेप घेतलं असेल तर हा हिशेब बदलतो. औषधामुळे विषाणू दबून राहू शकतो आणि टेस्टमध्ये उशिरा दिसू शकतो. तेव्हा दिवस स्वतः मोजू नका, पेप देणाऱ्या डॉक्टरांकडून तारखा लिहूनच घ्या. शेवटची टेस्ट साधारण बारा आठवड्यांच्या आसपास येते. लागण टाळण्यासाठीची प्रेप औषधं आधीपासून चालू असतील तर तेही टेस्टच्या वेळी सांगा.

शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, घरच्या जोडीदारासोबतही. हे अवघड आहे, कारण घरी काय कारण सांगायचं हा प्रश्न येतो. खरं सांगता आलं तर उत्तमच. नाही सांगता आलं तर निदान या दिवसांत संबंध टाळा. या काळात रक्तदान करू नका. "रक्तदान केलं की टेस्ट आपोआप होईल" असा विचार काहीजण करतात. तो दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांशी लगेच बोला, थांबू नका.

शरीराला विचारत बसू नका

एका तरुणाने मला त्याचा मोबाइल दाखवला होता. फोटोंच्या फोल्डरमध्ये जीभच जीभ. सकाळची, दुपारची, ब्रश केल्यावरची, ट्यूबलाइटखालची, खिडकीच्या उजेडातली. शेकड्याने फोटो. दोन फोटो शेजारी धरून तो मला विचारत होता, "ही जास्त पांढरी वाटते ना?" मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. त्याच्या मानेवर डाव्या बाजूला त्वचा लालसर झाली होती, कारण गाठ आलीय का हे तो दिवसातून कितीतरी वेळा दाबून बघत होता. दाबून दाबून ती जागा दुखायला लागली होती, आणि दुखतेय म्हणजे गाठच, असं त्याला वाटत होतं. त्याचा रिपोर्ट नंतर निगेटिव्ह आला. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते हेच.

लक्षणांबद्दल खरी माहिती अशी. लागण झालेल्यांपैकी पुष्कळांना दोन ते चार आठवड्यांनी फ्लूसारखा त्रास होतो: ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, मानेत-काखेत गाठी, अंगदुखी, रात्री घाम. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत तो आपोआप जातो. काहींना काहीच होत नाही. आणि हाच सगळा त्रास साध्या विषाणूजन्य तापातही होतो. त्यामुळे लक्षणं आहेत म्हणून लागण आहे असं ठरत नाही आणि लक्षणं नाहीत म्हणून नाही असंही ठरत नाही. काळजीनेसुद्धा घाम येतो, जुलाब होतात, वजन उतरतं, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं. हे त्रास मनाचे खेळ म्हणून झटकण्यासारखे नाहीत, ते खरेच होतात. फक्त त्यांचं कारण भीती असतं.

एक अपवाद मात्र पाळा. संबंधानंतर दोन ते चार आठवड्यांत खरोखरचा ताप आणि अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांकडे जा, संबंधाची तारीख सांगा आणि फोर्थ जनरेशन किंवा आरएनए टेस्टबद्दल विचारा. अशा वेळी नुसती अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.

मधले दिवस

४५ दिवस ऐकायला थोडे वाटतात. रात्री दोन वाजता छताकडे बघत असाल तेव्हा तसे वाटत नाहीत. मला उपयोगी पडताना दिसलेल्या दोन-चार गोष्टी सांगते.

रात्री इंटरनेटवर लक्षणं शोधू नका. शोधायचंच असेल तर दिवसा, ठरवून पंधरा मिनिटं. आरसा, गाठी आणि थर्मामीटर यांना दिवसातून एकदाच हात लावायचा असं ठरवा, मग दोन दिवसांतून एकदा. एका तरी माणसाला सांगा. पूर्ण गोष्ट नाही सांगितलीत तरी चालेल. "माझी एक टेस्ट व्हायचीय आणि मी फार घाबरलोय" एवढं म्हटलं तरी जीव थोडा हलका होतो. सांगण्यासारखं कुणी नसेल तर तपासणी केंद्रावरच्या समुपदेशकाशी बोला. आमचं कामच ते आहे, आणि तुम्ही काय सांगाल ते आम्ही याआधी ऐकलेलं असतं. झोप लागत नसेल, काम होत नसेल तर साध्या डॉक्टरांकडेही जा. पण दारू पिऊन झोप आणू नका, त्याने पहाटेची भीती दुप्पट होते.

जीव द्यावा असं मनात येत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. आत्ता, कुणाला तरी फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा, एकटे राहू नका. रिपोर्ट काहीही आला तरी पुढे जगण्यासारखं बरंच आहे, आणि ते मी तुम्हाला नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाही. खाली वाचाल.

टेस्टच्या दिवशी

उपाशी जायची गरज नाही. टेस्टसाठी तुमची संमती घेतली पाहिजे आणि रिपोर्ट गुप्त राहिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने कुठल्याही एचआयव्ही टेस्टसाठी पाच गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: संमती, गुप्तता, समुपदेशन, अचूक निकाल आणि पुढच्या सेवेशी जोडून देणं. यातलं काही डावललं जात असेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घरी किट वापरणार असाल तर सोबतची सूचना आधी पूर्ण वाचा आणि घड्याळ समोर ठेवा. पट्टीवर सी अक्षरापाशी एक रेघ उमटते. टेस्ट नीट चालली, याची ती खूण. ती उमटलीच नाही तर टेस्ट बाद, नवा किट घ्या. टी अक्षरापाशीही रेघ आली, मग ती कितीही फिकट असो, तर निकाल रिॲक्टिव्ह, म्हणजे लागण असू शकते असं दाखवणारा, धरायचा आणि लॅबमध्ये जाऊन खात्री करायची. निकाल सूचनेत दिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने कचऱ्यातून पट्टी काढून, बॅटरी लावून पाहिलेली रेघ ही रेघ धरायची नसते. असं करणारे बरेच असतात, म्हणून सांगतेय.

रिपोर्ट हातात आल्यावर

विंडो पीरियड संपल्यावरचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे त्या संबंधातून लागण झालेली नाही. "लॅबने नमुना बदलला असेल तर", "माझं शरीर वेगळं असेल तर" असे प्रश्न मनात येतील. एकदा आले तर समजू शकतं. पण निर्णायक टेस्टनंतरही महिनोन्महिने तेच चालू असेल, आठवा-दहावा रिपोर्टही पुरत नसेल, तर त्रास एचआयव्हीचा नाही, चिंतेच्या आजाराचा आहे. त्यावर चांगले उपचार आहेत, विचारांवर काम करणारी थेरपी आहे, गरज पडली तर औषधं आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. अकराव्या टेस्टपेक्षा त्या एका भेटीचा उपयोग जास्त होईल.

निगेटिव्ह रिपोर्ट विंडो पीरियडच्या आतला असेल तर तो मधला टप्पा आहे. कागदावरची पुढची तारीख पाळा.

रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला तर काळजात धस्स होणारच. पण तेव्हाही एक लक्षात ठेवा, एका टेस्टवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासणी होते आणि सगळ्यांचा निकाल जुळला तरच निदान होतं. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह येऊन पुढच्या निगेटिव्ह आल्या, असंही होतं.

आणि निदान पक्कं झालं तर? आपल्या मनातलं एड्सचं चित्र फार जुनं आहे. हा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला, १९८५ मध्ये पहिली रक्ततपासणी आली, आणि १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. खाटेला खिळलेला हाडांचा सापळा हे चित्र त्याआधीच्या वर्षांचं, आणि जिथे औषधं उशिरा पोहोचली तिथलं आहे. आज वेळेत निदान झालेला माणूस बहुतेक वेळा दिवसाला एक गोळी घेतो, नोकरी करतो, संसार करतो आणि इतरांइतकंच आयुष्य जगण्याची अपेक्षा ठेवू शकतो. उपचार निदानाच्या दिवशीसुद्धा सुरू करता येतात, उशीर करण्यात काही फायदा नाही. विषाणू दबला की जोडीदाराला लागण होत नाही, आणि योग्य उपचारांत बाळही बहुतेक वेळा एचआयव्हीशिवाय जन्माला येतं. माझ्याकडे रडत आलेली माणसं दोन-तीन वर्षांनी मुलांच्या शाळेबद्दल तक्रारी करत भेटतात. त्या तक्रारी ऐकून मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही.

जाता जाता

एचआयव्हीच्या नादात बाकीचे लैंगिक आजार राहून जातात, आणि एका संबंधातून लागण होण्याची शक्यता त्यांची पुष्कळदा जास्त असते. गोनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणी साधारण दोन आठवड्यांनी करा, सिफिलिसची एचआयव्हीच्या टेस्टसोबत आणि पुन्हा ९० दिवसांनी. लघवीला जळजळ, स्राव, न दुखणारा फोड दिसला तर तारखेची वाट न बघता जा. यातले हे तिन्ही आजार औषधाने बरे होतात. पाळी चुकली तर, किंवा संबंधानंतर तीन आठवडे झाले की, गर्भधारणेची टेस्ट करा.

असे प्रसंग पुन्हा येण्याची शक्यता असेल तर ती लपवू नका, डॉक्टरांना प्रेपबद्दल विचारा. लागण होण्याआधीच घ्यायचं हे औषध गोळीच्या रूपात आहे, काही ठिकाणी इंजेक्शनच्या रूपातही आहे, आणि नीट घेतलं तर उत्तम काम करतं. कंडोम सोबत हवाच, कारण बाकीचे आजार प्रेपने अडत नाहीत.

आणि हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर टेस्टसाठी रक्त द्यायला जाल त्याच दिवशी पहिला डोस मागा. दुसरा महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्यात असतो. सहा महिन्यांनी ही सगळी भीती विरलेली असेल आणि तिसरा डोस हमखास विसरेल, म्हणून त्याची तारीख त्याच कागदावर, टेस्टच्या तारखांखाली, आत्ताच लिहून ठेवा.